ऑस्ट्रेलियन कन्झर्व्हेटिव्ह्ज पक्ष: ५ पैकी २ स्टार

मी ॲडलेडला राहतो, म्हणजे हा पक्ष काढणाऱ्या कोरी बर्नार्डींच्याच राज्यात (साउथ ऑस्ट्रेलिया), त्यामुळे हा पक्ष निघाल्यापासून बंद होईपर्यंत जवळून बघितलाय. उद्या असाच कुणी फुटून नवीन उजवा पक्ष काढला आणि तुम्ही मत द्यायचा विचार करत असाल तर आधी याचं काय झालं ते बघा.

जुलै २०१६ मध्ये बर्नार्डी लिबरल पक्षाच्या (नावाने लिबरल, पण इथला मोठा उजवा पक्ष) तिकिटावर सिनेटवर, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात आले, सहा वर्षांची टर्म मिळाली आणि ७ फेब्रुवारी २०१७ ला पक्ष सोडला, सीट मात्र स्वतःकडेच ठेवली. इथेच माझा एक स्टार गेला. सिनेटची मतपत्रिका इतकी लांब असते की पुठ्ठ्याच्या बूथमध्ये नीट उलगडत पण नाही, आणि त्यावर बहुतेक लोक वरच्या बाजूला पक्षांच्या चौकटीत १ ते ६ असे पसंतीचे आकडे टाकून मोकळे होतात, खालची नावं कोण वाचतंय? मग ती जागा एकट्या माणसाची कशी? आपल्याकडे निदान पक्षांतरबंदी कायदा तरी आहे, इथे तेही नाही.

दोन स्टार दिलेत ते स्पष्टपणासाठी. टॅक्स कमी करा, सरकारचा पसारा आवरा, कुटुंबव्यवस्था जपा, सगळं सरळ सांगायचे. इमिग्रेशन कमी करा हे मला बाहेरून आलेल्याला लागलं, पण आत एक बाहेर एक असं नव्हतं.

बाकीचे दोन गेले ते संघटनेपायी. एप्रिल २०१७ ला फॅमिली फर्स्ट पक्ष यांच्यात विलीन झाला, पण त्यांच्या सिनेटर लुसी गिचुही आल्याच नाहीत. मार्च २०१८ ला आमच्या राज्याच्या निवडणुकीत जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास मतं, आणि त्यानंतर काही दिवसांतच या पक्षाचे राज्यातले आमदार डेनिस हूड लिबरलमध्ये गेले! ज्यांनी पक्ष बघून मत दिलं त्यांनी काय करायचं सांगा. इथे छोट्या पक्षाला दिलेलं मत वाया जात नाही, तो हरला तर ते पुढच्या पसंतीकडे सरकतं, म्हणजे लोकांना ट्राय करून बघायला काहीच अडचण नव्हती, तरी मे २०१९ च्या देशाच्या निवडणुकीत सिनेटची एकही जागा मिळाली नाही. तोवर लिबरलचे पंतप्रधान टर्नबुल जाऊन त्यांच्या जागी जास्त उजवे मॉरिसन आले होते, नाराज मतदार परत लिबरलकडे वळले आणि त्याच जूनमध्ये बर्नार्डींनी पक्षच बंद करून टाकला.

जानेवारी २०२० ला त्यांनी सिनेटचाही राजीनामा दिला. मधेच रिकामी झालेली जागा, निवडून येताना जो पक्ष होता त्याच पक्षाच्या माणसाने भरायची असा इथल्या घटनेत १९७७ पासून नियम आहे. त्यामुळे तिथे लिबरलचेच अँड्र्यू मॅकलाखलन आले.