टेस्ला कॉइलसाठी स्विच कोणता? स्पार्क गॅप, मॉसफेट आणि आयजीबीटी वापरून झाल्यावर

टेस्ला कॉइल म्हणजे प्रचंड व्होल्टेज तयार करून हवेत ठिणग्या सोडणारा ट्रान्सफॉर्मर. त्याच्या प्रायमरी (पहिल्या) वेटोळ्यातला प्रवाह चालू-बंद करायला स्विच लागतो, आणि ठिणगी सेकंडरी (दुसऱ्या) वेटोळ्यातून निघते. स्विचचे तिन्ही प्रकार घरच्या गच्चीवर बरेच महिने चालवून झाले, म्हणून सविस्तर लिहितोय. सध्या माझ्या कॉइलला आयजीबीटीचा (मोठा प्रवाह पेलणारा ट्रान्झिस्टर) हाफ ब्रिज (आळीपाळीने चालणारी दोन स्विचची जोडी) आहे आणि तो बदलायचा विचार नाही. कारण मात्र त्याचे जास्त अँपिअर हे नाही.

सुरुवात स्पार्क गॅपने, म्हणजे ठिणगी पडली की चालू होणाऱ्या फटीने केली. टेस्लाच्या १८९१ च्या पेटंटातली हीच पद्धत. तांब्याच्या नळ्यांचे तुकडे ओळीने बसवायचे आणि मधून पंख्याची हवा सोडायची. गॅपचा मोठा गुण म्हणजे तो सहजासहजी मरत नाही. ट्यूनिंग हललं, व्होल्टेज वर गेलं, तरी फार तर नळ्या काळ्या पडतात. पण ठिणगी वेळेवर विझली नाही, तर सेकंडरीत गेलेली ऊर्जा प्रायमरीत परत येते आणि गॅपमध्येच जळते. आवाज कानठळ्या बसवणारा, त्यात ओझोनचा वास आणि डोळ्यांना घातक अतिनील प्रकाश. सोसायटीत राहणाऱ्याने याच्या नादी लागू नये. शिवाय १५,००० व्होल्टचा जुना लोखंडी निऑन ट्रान्सफॉर्मर मिळवणंही आता अवघड झालंय, कारण पाट्या एलईडीच्या झाल्या.

मग मॉसफेट, म्हणजे गेट नावाच्या पायावरच्या व्होल्टेजने चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर. आयआरएफपी४६० हा ५०० व्होल्ट, २० अँपिअरचा आणि सगळीकडे मिळणारा. २००-३०० किलोहर्ट्झच्या छोट्या, साध्या सॉलिड-स्टेट कॉइलला तो उत्तम चालतो. पण त्याचा चालू अवस्थेतला रोध ०.२७ ओहम. १०० अँपिअर नेले तर २७ व्होल्ट त्याच्यातच पडणार, आणि तापला की रोध आणखी वाढणार. स्वस्त माल घेणार असाल तर एक तपासणी नक्की करा. मला मिळालेल्या एका पुडीतल्या मॉसफेटची गेट-सोर्स (गेट आणि सोर्स या दोन पायांमधली) कपॅसिटन्स मीटरवर जेमतेम १,००० पिकोफॅरड भरली. अस्सल भागाची ४,००० च्या वर असते. वर छापलेला नंबर तोच, आतली चिप भलतीच! असा भाग ब्रिजमध्ये लावला तर पहिल्याच मोठ्या ठिणगीला जातो आणि जोडीदारालाही घेऊन जातो.

आता आयजीबीटी. एफजीए६०एन६५एसएमडी, ६५० व्होल्ट आणि ६० अँपिअर. आपला २३० व्होल्टचा पुरवठा रेक्टिफाय केला की बसवर (ब्रिजला जाणाऱ्या डीसी लाइनवर) सुमारे ३२५ व्होल्ट येतात, म्हणजे व्होल्टेजला भरपूर वाव राहतो. प्रायमरीत मी २५० अँपिअरच्या शिखरापर्यंत जातो. ६० च्या भागातून २५० कसे, हे बरेच जण विचारतात. एक झटका १०० मायक्रोसेकंदांचा आणि सेकंदाला असे १०० झटके. म्हणजे शंभरातला एकच भाग स्विच चालू असतो. हीटसिंक जेमतेम कोमट होतो.

खरा प्रश्न बंद होण्याच्या क्षणाचा आहे. आयजीबीटी बंद केल्यावरही त्यात थोडा वेळ शेपटीसारखा प्रवाह रेंगाळतो, म्हणून तो प्रवाह शून्यावर असतानाच बंद व्हायला हवा. माझी कॉइल १०० किलोहर्ट्झच्या आसपास चालते. ड्रायव्हरला (आयजीबीटी चालू-बंद करणारं सर्किट) ३०० नॅनोसेकंदांचा उशीर झाला, तरी तोवर प्रवाह शिखराच्या जवळपास १९ टक्क्यांवर पोचलेला असतो. २५० अँपिअरवर म्हणजे ४७ अँपिअर जबरदस्तीने तोडायचे. ड्रायव्हरमधल्या बदलत्या इंडक्टरने हा उशीर आगाऊ भरून काढता येतो. ऑसिलोस्कोपवर बघत तो जुळवला आणि ब्रिजवरचे व्होल्टेजचे काटे (स्पाइक) जवळजवळ नाहीसे झाले. माझ्या मते पूर्ण बांधणीतलं सगळ्यात मोलाचं काम हेच.

दुसरं मोलाचं म्हणजे प्रवाहमर्यादा. ड्युअल-रेझोनंट कॉइलमध्ये (प्रायमरी आणि सेकंडरी जवळपास एकाच वारंवारतेला जुळवलेली) प्रायमरीचा प्रवाह प्रत्येक आवर्तनाला चढत जातो. ठिणगी अचानक जमिनीवर किंवा प्रायमरीवर पडली की गणित बिघडतं. प्रवाह मोजणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरने मर्यादा ओलांडल्याचं सांगितलं की ड्रायव्हर उरलेला झटका सोडून देतो. ही सोय असल्यावर ६० अँपिअरचे भाग महिनोन्‌महिने टिकतात. नसेल तर ६०० अँपिअरचा महागडा ब्रिक मॉड्यूलही (विटेसारखा मोठा आयजीबीटी) भरवशाचा नाही. म्हणून पैसे आधी ड्रायव्हरवर, चांगल्या पल्स कपॅसिटरवर आणि इंटरप्टरच्या (झटक्यांची लांबी आणि संख्या ठरवणारं सर्किट) ऑप्टिकल फायबरवर घाला. इंटरप्टरला तांब्याची तार नकोच. ठिणगीचा गोंगाट तिच्यातून आत शिरतो, आणि ठिणगी तारेवर पडली तर थेट हातापर्यंत येते.

व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या कॉइलची ठिणगी सरळ आणि देखणी असते, पण ८३३ए या ट्यूबचा फिलामेंटच १०० वॉट खातो आणि प्लेटला हजारो व्होल्ट लागतात. मी तिकडे गेलो नाही.

नवा कोणी बांधत असेल तर आधी व्हेरिअ‍ॅकवर (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) ४०-५० व्होल्टने स्कोप लावून फेज (वर सांगितलेला बंद होण्याचा क्षण) जुळवा, मर्यादा १०० अँपिअरवर ठेवा, मगच वर चढा. बसच्या कपॅसिटरवर ब्लीडर रेझिस्टर (बंद केल्यावर साठलेला चार्ज जिरवणारा) हवाच, तरीही हात घालण्याआधी दर वेळी मीटरने व्होल्टेज मोजा. हे ३२५ व्होल्ट जीव घेतात.