तोरणमाळ की सापुतारा : धुळ्याहून दोन दिवसांसाठी निघताना

पावसाळा स्थिरावला की धुळे-अमळनेर-जळगाव पट्ट्यातील अनेक घरांत सहलीचा विषय निघतो आणि फिरून फिरून या दोन नावांपाशी येतो. महाबळेश्वर दोन दिवसांत उरकत नाही, आणि अजिंठा-वेरूळ बहुतेकांचे शाळेच्या सहलीतच झालेले असते. नंदुरबार जिल्ह्यातले, सातपुड्यावरचे तोरणमाळ आणि गुजरातच्या डांग जिल्ह्यातला सापुतारा ही दोन्ही थंड हवेची ठिकाणे मी कुटुंबासह, निरनिराळ्या ऋतूंत पाहिली आहेत. उंची, तापमान आणि प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या कोठेही मिळतात. त्या वगळून, निर्णय घेताना ज्या बाबींनी माझे मत एका बाजूला झुकवले, त्यांविषयीच लिहितो.

धुळ्याहून अंतराचा फरक फारसा नाही. सापुताऱ्याला मालेगाव, देवळा, कळवण करत हतगडाच्या पायथ्याने जाता येते, आणि या वाटेचा मोठा गुण म्हणजे परतीच्या दिवशी नांदुरीहून सप्तशृंग गडावर वळता येते. चैत्रात खान्देशातून पायी गडावर जाणाऱ्यांच्या घरांत हे कारण एकटेच पुरेसे ठरते, आणि ते मी खोडूही इच्छित नाही. २०१८ पासून गडावर फ्युनिक्युलर, म्हणजे रुळांवरून चढण चढणारी ट्रॉली सुरू झाल्यामुळे गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही दर्शन घडते. तोरणमाळचा रस्ता दोंडाईचा, सारंगखेड्याचा तापीवरील पूल, शहादा, म्हसावद आणि राणीपूर असा आहे. जळगाव-चोपड्याकडच्यांना शिरपूरमार्गे शहादा सोयीचे पडते. शहाद्यापासून पुढे पन्नास-पंचावन्न किलोमीटर उरतात, त्यांतला शेवटचा टप्पा घाटाचा आहे. पावसाचा जोर असताना या घाटात दरड येते. म्हणून जुलैत निघण्यापूर्वी शहाद्याच्या बसस्थानकावर फोन करून तोरणमाळची एसटी वरपर्यंत जात आहे का, एवढे विचारून घ्यावे. बस जात असेल, तर आपली गाडीही जाते.

पाऊस आणि हिरवाई यांत डांग निःसंशय वरचढ आहे. सातपुड्यापेक्षा तिथे पाऊस जोरकस पडतो, त्यामुळे जुलैतच डोंगर भरून येतात. वघईजवळचा गिरा धबधबा ज्याने भर पावसाळ्यात पाहिला असेल, त्याला तोरणमाळच्या सीताखाईत कोसळणारे पाणी कदाचित किरकोळ वाटेल. (बिलीमोरा ते वघई ही ६३ किलोमीटरची नॅरोगेज रेल्वेही मोठी मौजेची आहे, मात्र आपल्याकडून तेवढ्यासाठी बिलीमोऱ्यापर्यंत जाणे म्हणजे द्राविडी प्राणायाम होईल.) मुलांच्या दृष्टीनेही सापुतारा सोपा आहे. मध्यभागी तलाव, त्यात नौकाविहार, भोवती बागा, वर रोपवे आणि सारे जवळजवळ चालण्याच्या अंतरात. तोरणमाळला यशवंत तलावाच्या काठाने फेरफटका मारावा, कमळ तलाव पाहावा, गोरखनाथांच्या मंदिरात जावे, सीताखाईच्या कड्यावर उभे राहावे, आणि पुढे काय, असे दहा-बारा वर्षांच्या मुलाने विचारले, तर माझ्यापाशी त्याचे चांगले उत्तर नाही.

इतके असूनही सापुताऱ्याबद्दल माझे मन का फिरले, ते सांगतो. कारण वरवर क्षुल्लक आहे : खोली सोडण्याची वेळ.

आम्ही ज्या हॉटेलात उतरलो होतो, त्याचे नाव देण्याचे प्रयोजन नाही, कारण गर्दीच्या दिवसांत हा प्रकार एकट्या त्या हॉटेलापुरता असेल असे मला वाटत नाही. शनिवारी दुपारी बाराला खोली ताब्यात मिळेल आणि रविवारी सकाळी नऊला रिकामी करावी लागेल, असा नियम स्वागतकक्षात काचेखाली लावलेला होता. त्याच काचेखाली दुसरी चिठ्ठी होती : गरम पाणी सकाळी सहा ते आठ. थंड हवेच्या ठिकाणी पावसाळ्यात आपण नेमके कशासाठी जातो, याचा विचार केला तर उत्तर सकाळ हेच येते. दहापर्यंत धुके तलावावरून हटत नाही, रस्ते ओले आणि मोकळे असतात, पर्यटकांची झुंबड अजून उठलेली नसते. तीच वेळ आमची आंघोळीचे नंबर लावण्यात, आदल्या दिवशीचे न वाळलेले कपडे प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंबण्यात आणि पलंगाखाली मोजे शोधण्यात गेली. साडेआठला खोलीतला फोन वाजला, पावणेनऊला पुन्हा वाजला, आणि नऊच्या ठोक्याला चादरी घेऊन एक मुलगा दारात उभा राहिला. त्याचा बिचाऱ्याचा दोष नव्हता, खाली पुढचे कुटुंब बॅगांवर बसून होते. आम्ही सामान गाडीत भरून तलावाकाठी पोहोचलो, तोवर धुके विरून ऊन पडले होते आणि गाडी लावायला जागा उरली नव्हती.

याचे मूळ गर्दीत आहे. सुरत आणि नाशिक या दोन्ही शहरांना सापुतारा शनिवार-रविवारच्या टप्प्यात येतो, त्यामुळे एका खोलीमागे पुढचा पाहुणा कायम तिष्ठत असतो. तोरणमाळच्या मागे असे मोठे शहर नाही. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तरी धुळ्यातले जुने लोक आजही ते आपल्याच जिल्ह्यातले समजतात, आणि प्रामुख्याने आपलेच लोक तिथे जातात. महाशिवरात्रीच्या यात्रेचे दिवस सोडले, तर आम्हांला तिथे कोणी घाई केल्याचे आठवत नाही. सकाळी उशिरापर्यंत ओसरीवर बसून, समोरचे झाड धुक्यात दिसेनासे होते आणि पुन्हा दिसू लागते हे पाहत चहा पिता आला. केअरटेकरला खोली केव्हा सोडायची असे विचारले, तेव्हा त्याने ‘जेवण करूनच निघा ना’ असे सांगितले. माझ्यापुरती तुलना बहुधा तिथेच संपली.

अर्थात हा निवांतपणा फुकट मिळत नाही. तोरणमाळला खोल्या मोजक्या आहेत, त्या आधी ठरवूनच निघावे. जेवणाची वर्दी सकाळीच द्यावी लागते. रात्री आठनंतर भूक लागली, तर सोबत नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणीच कामास येते. पेट्रोल शहाद्यालाच भरून घ्यावे आणि रोख पैसे जवळ ठेवावेत. मोबाइलला रेंज सापडेल तेव्हा सापडते. घरात तान्हे मूल असेल किंवा कोणाला दवाखान्याची वरचेवर गरज पडत असेल, तर सापुतारा अधिक सुरक्षित, हे मान्य करायला हवे. जेवणाच्या बाबतीत मात्र मी थोडा पक्षपाती आहे. सापुताऱ्यात गुजराती थाळीपासून पंजाबी भाज्यांपर्यंत सारे मिळते आणि डांगची नागलीही चाखता येते, पण वरणा-भाजीतला गोडवा दुसऱ्या जेवणाला आमच्या घरच्यांना सोसेना. तोरणमाळला ज्वारीची भाकरी आणि झणझणीत रस्सा मिळाला, निवड नव्हती आणि तिची कोणाला आठवणही झाली नाही.

ऋतूचाही थोडा हिशेब करावा. जुलैत, मुले बरोबर असताना आणि गडावर जायचे असताना सापुतारा रास्त ठरेल. ऑगस्टचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर या काळात मी तोरणमाळचेच नाव सुचवेन. तेव्हा घाट निर्धोक झालेला असतो, तलाव काठोकाठ असतो, आणि दिवाळीच्या आसपास त्या भागातील सीताफळेही मिळतात. धडगावकडचे आमचूर कोणी विकत असेल तर अवश्य घ्यावे.

सापुताराच ठरत असेल, तर शक्यतो मंगळवार-बुधवार गाठावा, आणि खोली नक्की करताना भाडे विचारण्याआधी ती किती वाजता सोडावी लागेल आणि गरम पाणी केव्हा येते, हे विचारून घ्यावे.