घरी येऊन पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारात त्रास कमी करणारी काळजी) देणारी सर्व्हिस, प्रतापनगर साइड (४/५)

आबाजींचा कॅन्सर लास्ट स्टेजला होता, डॉक्टर म्हणाले आता घरीच ठेवा, म्हणून ही सर्व्हिस लावली. नर्सताई एकदम भारी, बेडसोअरचं (पडून पडून होणाऱ्या जखमांचं) ड्रेसिंग, कूस कशी बदलायची, सगळं आईला नीट शिकवलं. दुखणं कमी करायला मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या आणि सोबत पोट साफ व्हायचं औषध चालूच ठेवायला सांगितलं, नाहीतर बद्धकोष्ठता ठरलेली. काकांना वाटलं मॉर्फिन म्हणजे आता संपलंच, भांडले ना बाप्पा!

आबाजींना आजार सांगायचा नाही असं घरात ठरलेलं. चीनमध्येही बऱ्याच घरात म्हाताऱ्यांपासून असंच लपवतात, पोरंच ठरवतात सगळं, तरी तिथल्या शेन्झेन शहराने २०२३ पासून लिव्हिंग विलला (शेवटी कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायचा कागद) कायद्यात जागा दिली. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच मान्य केलंय, २०२३ मध्ये सोपं पण केलं, आता त्यावर नोटरीची सही चालते. यांच्या काउन्सेलरने विषय आबाजींसमोरच काढला तर ते म्हणाले, मले सगळं ठाऊक आहे ना बे, आयसीयूत नका नेऊ फक्त.

एक स्टार कापला कारण रात्री फोन लवकर उचलत नाहीत, आणि ऑक्सिजन मशीनचं भाडं वेगळं लावतात, आधीच विचारून घ्या.