ईआर पॉझिटिव्ह की ट्रिपल निगेटिव्ह: ब्रेस्ट कॅन्सरच्या रिपोर्टमध्ये काय बघायचं
परळला टाटाच्या बाहेर फाईल घेऊन बसलेल्या कुणाशीही बोला, प्रश्न हाच, ग्रेड ३ (म्हणजे पेशी सगळ्यात जास्त बिघडलेल्या दिसतायत) आलाय, आता काय? पण नुसता ग्रेड बघून घाबरू नका, ईआर, पीआर (गाठीच्या पेशींतले इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचे रिसेप्टर) आणि हर-टू (पेशींची वाढ करवणारं एक प्रोटीन) या ओळी वाचा. लॅबच्या तपासणीत गाठीच्या किमान १ टक्का पेशींवर ईआरचा रंग चढला असेल तर ईआर पॉझिटिव्ह, मग टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारखी हार्मोनविरोधी गोळी चालते, फक्त ५ ते १० वर्षं रोज घ्यायची. १ ते १० टक्केच असेल तर ती गाठ बऱ्याचदा निगेटिव्हसारखीच वागते, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा.

ट्रिपल निगेटिव्हला, म्हणजे ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह असतील तर, ही गोळी लागूच पडत नाही, मुख्य भिस्त केमोवर, आणि पहिली ३ वर्षं जास्त धोक्याची. पण ऑपरेशनआधीच्या केमोनेच गाठ पूर्ण गेली तर पुढचं चित्र खूपच चांगलं, आणि ५ वर्षं नीट गेली की परत यायची भीती बरीच कमी होते.

ईआरवाल्यांचं उलटं, सुरुवात बरी असते पण १५-२० वर्षांनीही परत येऊ शकतो, म्हणून आता बरं वाटतंय म्हणत गोळी सोडून देणाऱ्या मावशी भेटल्या की मला खरंच फार काळजी वाटते.