हेडर हलवायचंय: झाडलोट आधी, सोबत की करायचीच नाही?

सी भाषेतल्या जुन्या प्रोजेक्टमधलं एखादं मोठं हेडर, म्हणजे अनेक सी फाइली वापरतात ती सामाईक फाइल, फोडून दोन करायचं ठरतं. फाइल उघडली की आधी तिचा अवतारच नजरेत भरतो. काही ओळी टॅबने सरकवलेल्या, काही चार स्पेसने. एकाच ओळीच्या इफला (अटीच्या वाक्याला) कुठे महिरपी कंस आहेत, कुठे नाहीत. मॅक्रोंची, म्हणजे कोडच्या तुकड्यांना दिलेल्या नावांची, मांडणी तर ज्याला जशी सुचली तशी. अशा वेळी चार रस्ते असतात: सगळी फाइल टूलने एकदम नीट करणं, हलवायच्या ओळीच आधी नीट करणं, हलवता हलवता नीट करणं, किंवा आहे तशी उचलून नेणं.

माझं मत आधीच सांगतो. बहुतेक वेळा दुसरा रस्ता बरोबर असतो: जेवढ्या ओळी हलवायच्या तेवढ्याच, हलवण्याआधी, स्वतंत्र पॅचमध्ये (पॅच म्हणजे रिव्ह्यूसाठी पाठवलेला बदलांचा एक गठ्ठा). बाकीच्या तिन्हींची बाजू मात्र समजून घ्यायला हवी, कारण प्रत्येकाची वेळ कधी ना कधी येते. अपवाद एकाचाच.

तो अपवाद म्हणजे हलवता हलवता नीट करणं. यात रिव्ह्यू करणाऱ्याचे हाल होतात. गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलच्या डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्यातला फरक दाखवणाऱ्या यादीत, हललेल्या ओळी वेगळ्या रंगात दाखवायची सोय २०१७ पासून आहे. ओळ जशीच्या तशी गेली असेल तर रंगावरून लगेच कळतं आणि डोळा पुढे सरकतो. फक्त स्पेस बदलल्या असतील तर एक पर्याय देऊन तेही दुर्लक्षित करता येतं. पण एखादा कंस वाढला किंवा ओळ मोडून दोन झाल्या की त्या ओळी हललेल्या वाटतच नाहीत, नव्याने लिहिल्यासारख्या दिसतात. मग शेकडो ओळींमध्ये एका ठिकाणी खरोखर बदललेली अट शोधायची कशी? लिनक्स कर्नेलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) पॅच पाठवण्याच्या नियमांत हे स्पष्ट लिहिलंय: कोड एका फाइलमधून दुसरीकडे नेत असाल तर त्याच पॅचमध्ये त्याला अजिबात हात लावू नका.

आहे तसं उचलून नेणं कर्नेलमध्ये त्यामुळेच चालतं. क्यूएमूमध्ये (एका संगणकावर दुसऱ्याची नक्कल चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) जरा वेगळी अडचण येते. क्यूएमूची चेकपॅच ही स्टाइल तपासणारी स्क्रिप्ट मुळात कर्नेलमधूनच आलेली. ती पॅचमधल्या अधिक चिन्हाच्या, म्हणजे नव्याने आलेल्या, ओळी तपासते. कोड नव्या फाइलमध्ये गेला की त्याची प्रत्येक ओळ तिच्या लेखी नवी असते, त्यामुळे कुणीतरी फार पूर्वी टाकलेल्या टॅबबद्दल आज ती तुमच्यावर ओरडते. म्हणून तिथे रिफॅक्टरिंगच्या (वागणूक न बदलता कोडची रचना सुधारण्याच्या) मालिकेत ‘हा कोड पुढे हलवायचाय, आधी स्टाइल सुधारतो’ अशा अर्थाचा छोटा पॅच नेहमी दिसतो. नियमही दोन्हीकडे सारखे नाहीत. कर्नेलमध्ये आठ रुंदीचा टॅब, तर क्यूएमूमध्ये चार स्पेस. कर्नेलला एका ओळीच्या इफभोवती कंस नको असतात, क्यूएमूला ते हवेतच. ओळ लांबली तर क्यूएमूची स्क्रिप्ट ८० अक्षरांपुढे इशारा देते आणि ९० पुढे थेट चूक धरते. कर्नेलच्या स्क्रिप्टने इशाऱ्याची मर्यादा २०२० मध्ये १०० वर नेली. एका प्रोजेक्टची सवय दुसरीकडे नेऊ नका.

आता पहिला रस्ता, क्लँग-फॉरमॅट हे कोडची मांडणी आपोआप नीट करणारं टूल सगळ्या फाइलवर फिरवणं. वाद संपतो, वेळ वाचतो, पुढच्या माणसालाही तेच टूल वापरता येतं. पण हेडरमध्ये त्याचे तोटे साध्या सी फाइलपेक्षा जास्त जाणवतात. रजिस्टरांचे पत्ते आणि बिट ओळीने एकाखाली एक लावलेले असतात, ती मांडणी वाचणाऱ्यासाठी तक्त्यासारखी असते. सेटिंग नीट नसेल तर टूल ती विस्कटतं. इन्क्लूडच्या (दुसरी हेडर आत घेणाऱ्या) ओळी ते वर्णानुक्रमे लावतं, आणि जुन्या हेडरमध्ये ‘हे आधी आलं पाहिजे’ असं न लिहिलेलं अवलंबित्व हमखास सापडतं. टूलची आवृत्ती बदलली की तीच फाइल थोडी वेगळी बाहेर येते, म्हणून आवृत्तीही ठरवून घ्यावी लागते.

ब्लेम, म्हणजे कोणती ओळ शेवटी कुणी कधी बदलली हे दाखवणारी गिटची सोय, बिघडतो ही जुनी तक्रार आता तितकी खरी राहिली नाही. गिट २.२३ मध्ये, म्हणजे २०१९ पासून, ठराविक कमिट (गिटमध्ये नोंदवलेले बदल) ब्लेममधून वगळायची यादी देता येते. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या प्रोजेक्टने हेच केलंय. त्यांचं स्वतःचं फॉरमॅटर सगळ्या कोडवर फिरतं आणि ते कमिट अशा यादीत जातात. बॅकपोर्टचं, म्हणजे नवी दुरुस्ती जुन्या आवृत्तीत नेण्याचं, दुखणं मात्र उरतंच. जुन्या शाखेत दुरुस्ती न्यायची असेल आणि आजूबाजूच्या सगळ्या ओळी बदललेल्या असतील, तर प्रत्येक वेळी हाताने जुळवाजुळव करावी लागते. जुन्या शाखा सांभाळायच्याच नसतील आणि हेडर तुमच्याच टीमच्या ताब्यात असेल, तर मी स्वतः हाच रस्ता घेईन.

दुसऱ्या रस्त्यावरही एक खड्डा आहे. चेकपॅच ज्याला स्टाइल म्हणते ते सगळं निव्वळ स्टाइल नसतं. एक मॅक्रो घ्या, ज्याची किंमत ‘१६ + ४’ अशी कंसाविना लिहिलीय. स्क्रिप्ट म्हणते, कंस घाला. सल्ला योग्यच आहे. पण कुठेतरी कुणी ‘२ * मॅक्रो’ लिहिलं असेल, तर आज तिथे ३६ येतात आणि कंस घातल्यावर ४० येतील. ३६ ही चूक असेलही, पण ती सुधारणं म्हणजे वागणूक बदलणं. त्याला स्वतःचा पॅच आणि स्वतःचं स्पष्टीकरण हवं. तेच टाइपडेफ (प्रकाराला दिलेलं दुसरं नाव) काढण्याचं, नाव बदलण्याचं. मी स्टाइलच्या पॅचमध्ये फक्त स्पेस, टॅब, कमेंटची ढब, ओळी मोडणं आणि इफचे महिरपी कंस एवढंच ठेवतो.

आणि ते खरंच तेवढंच आहे का, हे ऑब्जेक्ट फाइलींना, म्हणजे कंपाइलरने बनवलेल्या यंत्रभाषेतल्या फाइलींना, विचारता येतं. पॅचआधी आणि नंतर, डीबग माहिती बंद ठेवून, ते हेडर घेणाऱ्या सगळ्या सी फाइली बिल्ड करा आणि जोड्या ताडून पाहा. निव्वळ स्पेसचा बदल असेल तर एकही बाइट हलायला नको. तरीही फरक निघाला तर घाबरू नका, आधी हेडरमधल्या इनलाइन फंक्शनांतले असर्ट (अट खोटी ठरली तर प्रोग्रॅम थांबवणाऱ्या तपासण्या) पाहा. असर्टमध्ये ओळीचा क्रमांक जातो, त्यामुळे वर दोन ओळी वाढल्या की तो आकडा बदलतो. शिवाय असर्ट आपली अट अक्षरशः मजकूर म्हणून साठवतो. ‘अ==ब’ चं तुम्ही ‘अ == ब’ केलंत तर प्रोग्रॅममधली स्ट्रिंग दोन अक्षरांनी लांबते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी तासभर चुकीच्या ठिकाणी शोधत बसलो होतो. म्हणून आता ऑब्जडम्प या टूलने ऑब्जेक्ट फाइलींमधल्या यंत्राच्या सूचना काढून शेजारी शेजारी ठेवतो. ओळीचे आकडे आणि त्या स्ट्रिंगचे पत्ते सोडून दुसरं काही वेगळं दिसलं, तर तो बदल या पॅचमधून बाहेर काढतो.

हा पॅच मालिकेत हलवण्याच्या पॅचला अगदी लागून, त्याच्या आधी ठेवा, आणि कमिटच्या संदेशात पुढे काय येतंय ते एका ओळीत लिहा. मागे एकदा मी स्टाइलचा पॅच एकटाच पाठवला होता. रिव्ह्यू करणाऱ्याने विचारलं, ‘हे कशासाठी?’ आणि त्याचा प्रश्न रास्त होता, कारण उत्तर माझ्या लॅपटॉपवरच्या पुढच्या तीन पॅचमध्ये होतं.