रेट कंट्रोलर घेताय? आधी फ्लोमीटरचा खालचा आकडा बघा

खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा, असे दोन्ही हंगाम रेट कंट्रोलरच्या किटवर (वेग बदलला तरी दाब कमी-जास्त करून एकरी माप तेच ठेवणारं) काढल्यावर हे लिहितोय. फवारणी यंत्र आपल्याकडे दिसतं तसंच आहे: ट्रॅक्टरमागे ४०० लिटरची टाकी, १२ मीटरचा बूम (नोझलची आडवी दांडी), ५० सेंमीवर २४ नोझल, आठ-आठचे तीन सेक्शन आणि ५४० आरपीएमला मिनिटाला ७५ लिटर देणारा डायफ्राम पंप. किटमध्ये स्क्रीन, टर्बाइन फ्लोमीटर (आतली चक्री फिरवून प्रवाह मोजणारा), मोटरवाला रेग्युलेटिंग व्हॉल्व्ह, सेक्शन व्हॉल्व्ह आणि स्पीड सेन्सर. सरळ तासांत, तिन्ही सेक्शन चालू असताना काम चोख आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती सोबत आलेल्या फ्लोमीटरची आणि त्यावर सर्व्हिसकडून मिळालेल्या उत्तराची.

आलेला मीटर १० ते २०० लिटर प्रति मिनिट रेंजचा. घेताना सगळे २०० कडे बघतात, पण अडचण १० ची आहे. हिशेब असा. एकरी २०० लिटर म्हणजे हेक्टरी ४९४. ताशी ४ किमी आणि ५० सेंमी अंतर धरलं, तर प्रत्येक नोझलमधून मिनिटाला १.६५ लिटर पडायला हवं (४९४ × ४ × ०.५ ÷ ६००). २४ नोझलचे झाले साधारण ४० लिटर. इथे मीटर निवांत असतो. पण वाशीम-हिंगोलीकडची शेतं चौकोनी कुठे असतात? धुऱ्याकडच्या तिरकस तुकड्यात एकच सेक्शन चालू राहतो आणि वेग ३ वर येतो. मग ८ नोझलचे जेमतेम ९.९ लिटर. मीटर रेंजच्या बाहेर गेला.

रेंजखाली टर्बाइन घसरतं आणि खरा प्रवाह असतो त्याहून कमी दाखवतं. कंट्रोलरला वाटतं औषध कमी पडतंय, म्हणून तो दाब वाढवतो. स्क्रीनवर २०० शांतपणे उभे असतात आणि खाली जास्त पडत असतं. हे पकडायला एक साधा मॅनोमीटर (दाबाचा काटा) बूमवर हवाच. लाल ०४ नोझलला (०४ हा नोझलच्या आकाराचा नंबर) एका सेक्शनवर ३ किमी वेगाने सुमारे १.८ बार दाब दिसायला हवा, तिथे २.६ दिसत होता. २.६ बार म्हणजे एकरी २३८ लिटर. इमॅझेथापायर १० टक्के हे तणनाशक एकरी ४०० मिलीच्या मापाने कालवलेलं असेल, तर त्या पट्ट्यात ४७६ मिली गेलं. सोयाबीनला शॉक बसून धुऱ्याकडे पिवळे पट्टे पडले, ते यामुळेच. तणनाशकाची बाटली बदलून उपयोग नव्हता.

सर्व्हिसकडून आधी 'पाण्यात कचरा आहे, वॉरंटीत बसत नाही' असं उत्तर आलं. मग मीटर बदलून दिला, पण पुन्हा १०-२०० चाच, कारण स्टॉकमध्ये तोच. शेवटी ५ ते १०० रेंजचा मीटर पदरमोड करून घ्यावा लागला. १२ मीटरच्या बूमला ०४ नोझलवर ४ बार दाबालाही ४४ लिटरच्या वर लागत नाही. मग २०० चा मीटर कुणासाठी? माझं म्हणणं एवढंच: ऑर्डर देण्याआधी बूमचा सगळ्यात लहान सेक्शन सगळ्यात कमी वेगाला किती लिटर घेतो ते काढा, आणि मीटरचा खालचा आकडा त्याच्या निम्म्याच्या आसपास आहे का ते बघा. विक्रेता हे विचारत नाही.

मीटर बदलला की पल्सचा आकडा (लिटरमागे मीटर किती सिग्नल देतो तो) बदलायला विसरू नका. माझ्या जुन्या मीटरला लिटरला ३०० पल्स होते, नव्याला ६००. सेटिंगमध्ये ३०० तसेच राहिले, तर कंट्रोलरला प्रवाह दुप्पट दिसतो आणि तो औषध निम्म्यावर आणतो. मीटरवर छापलेला आकडाही सुरुवातीपुरताच समजा. नोझलखाली बादल्या लावून साधारण १०० लिटर साधं पाणी सोडा आणि धान्याच्या वजनकाट्यावर मोजा, एक किलो म्हणजे एक लिटर. '२०० लिटरच्या' ड्रमवर विसंबू नका, काठोकाठ भरला तर त्यात २०० पेक्षा जास्त बसतं. नवा आकडा = जुना आकडा × स्क्रीनवरचे लिटर ÷ वजनाचे लिटर. स्क्रीनने १०५ दाखवले आणि वजन १०० भरलं, तर ६०० चे ६३० करा. पाच टक्के किरकोळ वाटतात, पण एकरी १० लिटर द्रावण म्हणजे २० मिली औषध. २५ एकरांत अर्धा लिटर, म्हणजे सव्वा एकराचं औषध.

स्पीड सेन्सरबद्दल मत हंगामाच्या मध्यात बदललं. सुरुवातीला जीपीएसच बरा वाटत होता: वायर नाही, चाकाच्या घसरण्याशी संबंध नाही. पण ३-४ किमीच्या वेगाला तो दचकतो, बाभळी-कडुनिंबाखाली जास्तच. धुऱ्यावरून निघताना सेकंद-दीड सेकंद मागे राहतो, म्हणजे ४ किमीला एक ते दीड मीटर पट्टा चुकीच्या मापाने जातो. आता पुढच्या चाकाच्या बोल्टसमोर सेन्सर बसवलाय. मागच्या चाकावर बसवू नका. काळ्या रानात ते घसरतं आणि कंट्रोलरला वेग जास्त वाटतो. पुढच्या चाकाचीही एक खोड आहे: ओल असली की चिखल चढतो. दोन सेंमीचा थर बसला तर चाकाचा घेर १२ सेंमीच्या वर वाढतो, आणि सव्वादोन-अडीच मीटर घेराच्या चाकाला ही पाच टक्क्यांची चूक झाली. वाफसा आल्यावरच फवारत असाल, तर चाकाचाच सेन्सर घ्या. किटमध्ये दोन्ही असतील तर ओल्यात जीपीएसवर बदला. चाकाचं माप रस्त्यावर घेऊ नका. टाकी अर्धी भरून, त्याच रानात १०० मीटर टेपने मोजून घ्या. बरोबर असेल तर ४ किमीला ९० सेकंद लागतात.

व्हॉल्व्हचं सेटिंग. किट बायपासवर (जादा पाणी टाकीत परत सोडणाऱ्या लाईनवर) जोडलंय की मुख्य लाईनवर, हे मेनूमध्ये अचूक निवडा. उलटं निवडलं तर दाब हवा तिथे व्हॉल्व्ह दाब सोडतो आणि थेट टोकाला जाऊन बसतो. दाब सारखा वर-खाली होत असेल तर आधी सक्शनला हवा धरते का ते बघा, मग पंपाच्या डोममधली (दाबाचे धक्के झेलणारी) हवा पुस्तिकेतल्या तक्त्याप्रमाणे भरा, आणि त्यानंतरच मेनूत व्हॉल्व्हचा वेग कमी करा. बहुतेक जण थेट तिसऱ्या पायरीला हात घालतात. तपासणी साध्या पाण्यावर होते: ४ किमीचा कृत्रिम वेग द्या, २०० वरून १५० करा. दोन-चार सेकंदांत आकडा स्थिरावला पाहिजे, पुढे-मागे झोके न घेता. ढवळणीचा पाईप फ्लोमीटरच्या आधी काढलेला हवा, नाहीतर टाकीत परतणारं पाणीही फवारलं म्हणून मोजलं जातं. सेक्शन बंद केल्यावर पाणी टाकीत परत सोडणारे तीन-मार्गी व्हॉल्व्ह फ्लोमीटरच्या पुढे असतील तरी तीच गत.

आता ज्याच्याबद्दल जाहिरातीत कुणी बोलत नाही ते. कंट्रोलर नोझल बदलत नाही, फक्त दाब बदलतो, आणि प्रवाह दुप्पट करायला दाब चौपट लागतो. लाल ०४ नोझलवर एकरी २०० लिटर हवं असेल, तर २ ते ४ बार दाबात वेगाला जागा आहे ३.१ ते ४.४ किमी एवढीच. ५.५ किमीला दाब सहा बारवर जातो, धुकं होऊन उडतं, आणि स्क्रीन तरीही २०० दाखवते. म्हणून जास्तीत जास्त दाबाची मर्यादा ४ आणि कमीत कमीची १.५ वर अलार्मला लावून ठेवा. एक नोझल तुंबलं तर बाकी २३ मधून चार टक्के जास्त पडतं, एकूण आकडा बरोबरच दिसतो. झिजलेल्या नोझलचंही तसंच: त्याच वेगाला दाब आठवड्यागणिक उतरत असेल तर नोझल मोजायला घ्या, नव्यापेक्षा १० टक्के जास्त देणारं बाद करा.

ज्यांची जमीन सपाट आहे आणि फवारणी एकाच गियरमध्ये होते, त्यांना मी हे किट घ्यायला सांगणार नाही. ठरावीक प्रमाणात पाणी टाकीत परत सोडणारा प्रपोर्शनल व्हॉल्व्ह घ्या. डायफ्राम पंप पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर) असतो, त्यामुळे थ्रॉटल कमी केला की वेग आणि पंपाचा प्रवाह एकाच प्रमाणात उतरतात, एकरी माप तेच राहतं. त्यात ना वायर, ना स्क्रीन. चाक घसरलं तर ते त्याला कळत नाही, आणि गियर बदलला की दाब नव्याने लावावा लागतो, एवढंच सांभाळायचं. चढ-उतार असेल किंवा दुसऱ्यांची फवारणी भाड्याने करत असाल, तर मात्र किट उपयोगाचं. स्क्रीनवरचं एकराचं मोजमाप शेतमालकासमोर ठेवता येतं आणि टाकी कुठे संपेल ते आधी कळतं.

बोअरच्या पाण्याने टर्बाइनवर क्षार बसतात, मॅन्कोझेबसारख्या पावडरचा लगदाही साचतो, आणि गंजाचे कण टर्बाइनच्या चुंबकाला चिकटून राहतात. मीटरच्या आधी ८० मेशची गाळणी ठेवा आणि रोज काम संपलं की साधं पाणी पाच मिनिटं फिरवा. हंगाम संपला की मीटर उतरवा, टर्बाइन सायट्रिक ॲसिडच्या पातळ पाण्यात भिजवून मऊ ब्रशने साफ करा. फुंकून बघा, अगदी हलक्या फुंकरीने फिरायला हवं. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, बेअरिंग जातं. पुढच्या हंगामात पहिली टाकी भरण्याआधी वजनकाट्यावरचं माप पुन्हा घ्या, कारण साफ केलेल्या टर्बाइनचा पल्सचा आकडा थोडा सरकलेला असतो.