जिल्ह्याच्या कॉलेजातलं एलएलबी: माझा अनुभव
बीए झाल्यावर सीईटी देऊन तीन वर्षांच्या एलएलबीला लागलो, आता फायनल इयरला आहे. गावातून सकाळची एसटी हुकली का पहिला पिरेड गेलाच समजा, तरी भाऊ कॉलेज चांगलं आहे. लायब्ररी मात्र कच्ची, अजून आयपीसीचेच (जुन्या भारतीय दंड संहितेचेच) पुस्तकं, 1 जुलै 2024 पासून त्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाचं कलम 302 आता 103 झालं, पण नवीन बेअर अ‍ॅक्ट (नुसत्या कलमांचं पुस्तक) आपल्याच पैशानं घ्यावा लागते.

जमिनीचे कायदे शिकवणारे सर म्हणजे लय भारी, खरे सातबारे अन् फेरफार घेऊन येतात, पांदण (शेतात जायचा रस्ता) कोणी अडवली तर मामलतदार कोर्ट अ‍ॅक्ट 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे अर्ज कसा करायचा हे त्यांनी आमच्याकडून लिहून घेतलं, आमच्या बाबांचा अर्ज मग मीच लिहिला.

डिग्रीनंतर वकिलीची सनद घेऊन एआयबीई (वकिलांची देशपातळीवरची परीक्षा) पास व्हा लागते. जज व्हायचं असन तर आधी तीन वर्षं प्रॅक्टिस पाहिजे, सुप्रीम कोर्टानं 2025 मध्ये तसं सांगितलं, त्यामुळं मी तालुक्याच्या कोर्टातच सिनिअरकडे बसणार आहे, आपल्या शेतकऱ्यायले तिथंच वकील लागते.